अनोळखी बोट

घराला कुलूप लावणं आणि काढणं हे काम इतकं अवघड करून ठेवता येतं, हे मला मागच्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. तोवर आमच्या सुरतेतल्या, भेस्तानच्या फ्लॅटला साधं चावीचं कुलूप होतं. शेजारी चावी ठेवायला विसरायची मी आणि जिन्यात बसून राहायचा नवरा. त्याला याचा इतका वैताग आला, की दिवाळीत त्यानं बोटानं उघडणारं कुलूप आणलं. काळं, चकचकीत, मुठीवर पेराएवढी काचेची खिडकी. बोट टेकवलं की आत मोटर कुरकुरते आणि एक बाई इंग्रजीत म्हणते, "वेलकम होम." बोट पटलं नाही, तर तीच बाई तितक्याच गोड आवाजात म्हणते, "प्लीज ट्राय अगेन."

नवऱ्याला ते भारी आवडलं. मला नाही. मी इथल्याच एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि जी वस्तू उघडून आत काय चाललंय ते बघता येत नाही, तिच्यावर माझा पहिल्यापासून राग आहे. आमचा मिक्सर मी खोललाय, इस्त्री खोललीय, टीव्हीच्या रिमोटचा तर पार खुळखुळा केलाय. या कुलपाच्या पाठीवर मात्र बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की खोललंत तर वॉरंटी संपली. म्हणजे भांडायची सोयच नाही.

आई त्याच्या थोडंच आधी आमच्याकडे आली होती. वडील गेल्यापासून ती नवागामच्या खोलीत एकटीच राहत होती. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची ती दाटीवाटीची वस्ती. वडिलांनी तिथल्याच कारखान्यांत जन्मभर माग चालवले आणि आईनं घरी बसून साड्यांना खडे चिकटवले. गल्लीत त्या कामाला सगळ्या बायका डायमंड म्हणायच्या, आणि मी लहानपणी शाळेत "माझी आई डायमंडचं काम करते" असं सांगून भाव खाल्ला होता. पावसाळ्यात न्हाणीत तिचा पाय घसरला, गुडघा सुजला, आणि मी हट्टानं तिला उचलून घेऊन आले. तिला दुसरं मूलबाळ नाही. एकटी असताना ती पुन्हा पडली आणि कोणाला कळलंच नाही तर, या भीतीनं मला झोप लागत नव्हती.

ती आली, पण राहायला आली नव्हती. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यावं असं मानणाऱ्या पिढीतली ती. आम्ही मूळचे खानदेशातले, घरात अहिराणी बोलतो, आणि अहिराणीत लेकीला आंडेर म्हणतात. "आंडेरना घर माय पाहुनीच बरी," हे तिचं ठरलेलं वाक्य. तिची कापडी पिशवी कायम भरलेली, खाटेखाली. धुतलेलं लुगडं वाळलं की घडी घालून परत पिशवीत. मी कपाटातला एक खण रिकामा करून दिला, तर त्यात तिनं फक्त गुडघ्याचं तेल ठेवलं. आणि आमच्या घरातली प्रत्येक वस्तू तिच्या लेखी जावयाची. जवाईना पंखा, जवाईनी खुर्ची, जवाईनं दार. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे हे मी तिला कागद काढून दाखवलं. तिनं कागदाला नमस्कार केला आणि म्हणाली, "बरं व्हयनं, माय." पिशवी खाटेखालीच राहिली.

कुलूप बसवायला माणूस आला त्या दिवशी ती घरातच होती. दाराला कुलूप लागलं तसं तिनं त्याला थांबवलं, देवघरातून हळदकुंकू आणलं आणि कुलपाच्या कपाळावर दोन बोटं ओढली. तो गुजराती माणूस समजूतदार होता. "सेन्सर पर ना लगाडता, मासी," एवढंच म्हणाला. मग बोटांची नोंद सुरू झाली. नवऱ्यानं बोट दिलं, मी दिलं. आईची पाळी आली तशी ती आत गेली, साबणानं हात धुतले, पदराला ओझरते पुसले आणि मग बोट पुढं केलं. नव्या वस्तूला पहिला हात लावायचा तो धुतलेलाच, हा तिचा नेम. कुलपानं बोट घेतलं. नवऱ्यानं मोबाइलवरच्या ॲपमध्ये त्या बोटाला नाव दिलं, आई. दार कोणी उघडलं की आमच्या दोघांच्या मोबाइलवर ते नाव येतं. कामवालीच्या बोटाचं काही केलं नाही. तिला दाबायला चार आकडे दिले आणि अडीअडचणीला असावेत म्हणून तेच आकडे आईलाही पाठ करायला लावले.

सुरुवातीचे काही दिवस बरे गेले. मग हवा बदलली. सुरतेची थंडी म्हणजे नावालाच, पण वारा कोरडा सुटतो आणि ओठ फुटतात. अशाच एका दुपारी मी वर्गात पचनसंस्थेची आकृती काढत असताना मोबाइल थरथरला. पडद्यावर लिहून आलं होतं, की दारावर अनोळखी बोट आहे. माझ्या हातातला खडू मोडला. दुपारची वेळ, घरात आई एकटी, आणि दारात कोणीतरी बोटं लावून बघतंय! मी आईला फोन लावला. वाजत राहिला. नवऱ्याला लावला. तो म्हणाला, घाबरू नकोस, आईच असतील. दुरून दार उघडून देता येतं का विचारलं, तर कळलं की ती सोय महागाच्या मॉडेलला आहे. आमच्या मॉडेलला फक्त दुरून काळजी करायची सोय होती.

संध्याकाळी येऊन बघते तर आई जिन्याच्या पायरीवर बसलेली, शेजारी भाजीची पिशवी. फोन घरात चार्जिंगला.

"आकडे दाबायचे ना!" मी ओरडले. मी एरवी तिच्याशी अहिराणीतच बोलते, पण चिडले की आपोआप शाळेच्या मराठीवर येते. "पाठ आहेत ना तुला?"

"शेतस ना पाठ," ती शांतपणे म्हणाली. "आकडा कामवालीले शे. बोट घरना माणूसले."

 तिनं म्हटलं ते खरंच होतं, आमच्या घरात वाटणी तशीच झाली होती. आणि त्या वाटणीत कुलूप तिला घरच्या माणसांत घ्यायला तयार नव्हतं.

त्या दिवसापासून ही माझ्या दृष्टीनं नुसती कुलपाची कटकट राहिली नाही. मला कारण हवं होतं. कुलपाला माझं बोट कळतं, नवऱ्याचं कळतं, मग आईचंच का नाही? आणि खरी गंमत पुढं होती. तिचं बोट कळायचंच नाही असंही नव्हतं. कधी कळायचं, कधी नाही. जे यंत्र कधीच चालत नाही ते फेकून देता येतं. मधूनच चालणारं यंत्र माणसाला वेड लावतं.

नवऱ्यानं एका रविवारी सकाळी तिचं बोट काढून टाकून नव्यानं नोंदवलं. आई हात धुऊन आली, बोट दिलं, "वेलकम होम." नवरा विजयी मुद्रेनं चहा प्यायला बसला. सोमवारी दुपारी माझ्या मोबाइलवर अनोळखी बोट. पुढच्या रविवारी अंगठा नोंदवला. आई हात धुऊन आली, अंगठा दिला, "वेलकम होम." मंगळवारी अनोळखी. डाव्या हाताचं झालं, मधलं बोट झालं. कुलपात तिची इतकी बोटं जमली, की आमची दोघांची मिळूनही तेवढी नव्हती.

मग मी कंपनीच्या मदत-खिडकीवर गेले. तिथं लिहून बोलायचं असतं. पलीकडे माणूस नव्हता, पण नमस्कार मात्र माणसापेक्षा मोठा केला. त्यानं समोर चार पर्याय ठेवले आणि माझी अडचण त्यातली कोणती ते विचारलं. "कुलूप माझ्या आईला ओळखत नाही" असा पर्याय नव्हता. मी तेच वाक्य लिहिलं. उत्तर आलं, "कृपया बोट स्वच्छ आणि कोरडं असल्याची खात्री करा." मी लिहिलं, बोट स्वच्छच आहे, आमच्या आईइतकं स्वच्छ बोट तुम्ही जन्मात पाहिलं नसेल. उत्तर आलं, "कृपया बोट स्वच्छ आणि कोरडं असल्याची खात्री करा." शेवटी त्यानं विचारलं, समस्या सुटली का. मी "नाही" दाबलं आणि पुन्हा पहिल्या नमस्कारावर जाऊन पोचले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तरी सल्ला पाळायचा म्हणून मी आईला एक छोटा नॅपकिन दिला. बाहेरून आलीस की बोट आधी खसखसून पूस, मग लाव. ती आज्ञाधारकपणे पुसायची. परिस्थिती आणखी बिघडली.

याच दरम्यान माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आई रोज सकाळी तांब्या घेऊन आमच्या इमारतीमागच्या महादेवाला पाणी घालायला जाते. तिथून परत आली, की दार हमखास उघडतं. एकदाही चुकत नाही. बाजारातून, डॉक्टरकडून, खालच्या बाकावरून आली की उघडत नाही.

"महादेव संगे येस ना," आईनं निकाल देऊन टाकला. "तो उघडस."

विज्ञानाच्या बाईनं यावर हसायला हवं होतं. पण निरीक्षण चोख होतं, आणि निरीक्षण चोख असलं की कारण चुकीचं असलं तरी हसू नये, असं मी मुलांना सांगत असते. मी तिला म्हटलं, मग देवाला बाजारातही ने की. ती कपाळाला अंगारा लावून मेथी आणायला गेली. दार उघडलं नाही. "बाजारमा काय करी तो," ती म्हणाली, आणि देवाची बाजू तिथंच संपवली.

माझ्या डोक्यात मग एकेक शंका यायला लागली. सकाळी ऊन नसतं, दुपारी समोरच्या खिडकीतून काचेवर ऊन पडतं, म्हणून? मी शनिवारी दुपारी छत्री धरून दारात उभी राहिले. नाही. महादेवाला ती अनवाणी जाते, म्हणजे शरीरातून जमिनीत काही विजेचं जाणंयेणं होत असेल का? मी तिला बाजारातून आल्यावर चपला काढून उभं केलं. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं, आणि छत्री धरलेली मी आणि अनवाणी उभी असलेली माझी आई असं दृश्य बघून हळूच बंद झालं. आम्ही दोघी इतक्या हसलो, की आईनं गुडघा धरून खाली बसकण मारली. दार काही उघडलं नाही.

हसलो ते तेवढंच. हळूहळू तिनं बाहेर जाणं कमी केलं. बाजार नको म्हणायला लागली, खाली बाकावर जाणं नको. बाहेर पडलं की परत येताना त्या बाईसमोर उभं राहावं लागतं. "ती मले वळखत नही," ती एकदा स्वयंपाकघरात म्हणाली, माझ्याकडे पाठ करून. "मी तिले वळखस." आणि एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं सांगून टाकलं, की गुडघा आता बरा आहे, संक्रांत झाली की मी नवागामला जाईन. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. मला त्या कुलपाला हातोडा घालावासा वाटला. नवरा म्हणाला, आपण जुनं कुलूप परत बसवू. पण आता जुनं कुलूप बसवलं असतं, तर त्याचा अर्थ तिच्या लेखी एकच झाला असता: पाहुणीची अडचण झाली म्हणून जावयानं आपली हौस मोडली. दुसऱ्या दिवशीच पिशवी उचलली असती.

संक्रांत दोन-तीन दिवसांवर आली होती. सुरतेत त्या आठवड्यात कोणाचंही लक्ष जमिनीवर नसतं. वर्गात मुलांच्या बोटांना मांज्याच्या चिरा आणि त्यांवर चिकटपट्ट्या. मी प्रयोगशाळेत होते, तेव्हा मोबाइल थरथरला. अनोळखी बोट. मग पुन्हा, पुन्हा, पुन्हा. शेवटी असं आलं, की फार चुका झाल्यामुळे कुलूप काही वेळ बंद राहील. त्यानंतर काहीच नाही. आधी ती थांबून थांबून प्रयत्न करायची, हे मला ठाऊक होतं. आज कुलपाची ती बंदी संपल्यावरही प्रयत्न झाला नाही. मला राहवेना. मुख्याध्यापिकांना सांगून मी निघाले.

दाराच्या मुठीला भाजीची पिशवी अडकवलेली होती. मेथी, हिरवा लसूण, वर माझ्यासाठी पोंकाची, म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या हुरड्याची पुडी. आई नव्हती. मी तिला फोन लावला, आणि तो बंद दाराआड वाजायला लागला. मी तशीच जिना उतरले. खाली वॉचमन म्हणाला, "माजी तो रिक्शा में बैठ गईं." कुठं गेली हे विचारायची मला गरज नव्हती.

नवागामच्या गल्लीत दोरा रंगवणाऱ्यांनी खांबांना मांजे ताणले होते, मी वाकून वाकून आत शिरले. आईच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. ती शेजारच्या वहिनींच्या ओट्यावर बसली होती. वहिनी म्हणजे तिच्याबरोबर वर्षानुवर्षं खडे चिकटवणारी शेजारीण, मी लहानपणापासून तिला वहिनीच म्हणते. दोघींच्या मांडीवर मिळून एक जांभळी साडी पसरलेली, मध्ये खड्यांची वाटी. आईचा हात सवयीनं चालला होता.

"उनी शाळानी बाई," आईनं माझा चेहरा बघून मी आल्याची वर्दी वहिनींना दिली.

"फोन न्यायला काय होतं तुला?" मी शाळेच्या मराठीत सुरू झाले. "मला वाटलं, काय झालं असेल..." आणि पुढं मला रडूच आलं.

तिनं मला हाताला धरून खाली बसवलं. वहिनी पाणी आणायला उठल्या. "आठेनं कुलूप मले ईचारत नही, तू कोन शे म्हनीसन," आई म्हणाली. "मी आते आठेच ऱ्हासू, माय. तू येत जाय." ती इथंच राहणार म्हटल्यावर मी नाही नाही म्हणत राहिले, तिनं ऐकल्यासारखं केलं आणि वाटी माझ्याकडे सरकवली. लहानपणी मी रडले की ती हेच करायची. चार खडे लाव, डोळे आपोआप कोरडे होतात.

मी बोट जिभेला लावलं आणि वाटीतला खडा टिपायला गेले. तिनं चटकन माझ्या हातावर मारलं.

"थुकी नको लाऊ. कोनी तरी नेसी ती."

गल्लीतल्या बाकीच्या बायका बोट जिभेला लावूनच खडे उचलायच्या. खडा इतका बारीक, की कोरड्या बोटाला येतच नाही. आईला ते कधी पटलं नाही. कोणाच्या लग्नात नेसली जाणारी साडी, कदाचित देवीची ओटीही भरतील तिनं, तिला उष्टं बोट कसं लावायचं? म्हणून ती डाव्या बाजूला ओल्या फडक्याची घडी ठेवायची. बोट फडक्याला, मग खड्याला, मग साडीवरच्या गोंदाला. आताही ती घडी तिथंच होती. तिनं ती माझ्यापुढं ढकलली. मी बोट ओलं केलं आणि खडा उचलला.

खडा बोटाच्या टोकावर चमकत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले. वर्षानुवर्षं गोंदानं सोलवटलेली, घासून गुळगुळीत झालेली तिची बोटं मला दिसत होती. कोरडी असताना त्यांच्यावर रेष शोधावी लागते. आणि मग मला ती हात धुताना दिसली. पहिल्या दिवशी हात धुऊन बोट दिलं. नवऱ्यानं रविवारी नोंदवलं तेव्हा हात धुऊन. अंगठा दिला तेव्हा हात धुऊन. प्रत्येक वेळी कुलपाला तिचं ओलसर बोटच भेटलं होतं. महादेवाकडून येताना तिच्या हातात पाणी ओतून रिकामा केलेला, ओला तांब्या असायचा! आणि मी शहाणी, एका निर्जीव मदतनिसाचं ऐकून तिला नॅपकिन देत होते.

"आई," मी म्हटलं, "तू बोट द्यायच्या आधी दर वेळी हात का धुतेस?"

"मंग काय, तसाच लावू?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. घाईत सांगितलं, अर्धं अहिराणीत, अर्धं शाळेच्या मराठीत, त्यामुळे बरंच गोंधळाचं झालं असणार. तिनं ऐकून घेतलं. "व्हई तसं," ती म्हणाली, म्हणजे असेलही तसं. पण उठली नाही. दार उघडलं तरी ते जावयाचंच, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी हरले असं मला वाटलं. ती पुन्हा खडे टिपायला लागली. एक, दुसरा. मग हात थांबला. तिनं स्वतःच्या बोटाकडे बघितलं, उलटसुलट करून, फडक्यावर टेकवलं, पुन्हा बघितलं.

"खरंच उघडी का ती?" तिनं विचारलं.

हा आवाज मला ओळखीचा होता. मिक्सर खोलताना माझा असा होतो. मला उगाच वाटायचं, की ही खोड मला पुस्तकांमुळे लागली.

"चाल, दखूत," ती म्हणाली आणि ओलं फडकं पिळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून निघाली.

दारात पोचल्यावर मी तिला आधी कोरडं बोट लावायला सांगितलं. पदराला चांगलं पुसून. नाहीतर प्रयोग कसला? "प्लीज ट्राय अगेन," बाई म्हणाली. "थांब जरासं," आई तिला म्हणाली, आणि फडकं काढलं. बोट ओलं केलं. टेकवलं.

मोटर कुरकुरली. "वेलकम होम."

आई आत गेली नाही. तिनं दार ओढून घेतलं, कुलूप लागू दिलं आणि पुन्हा बोट लावलं. उघडलं. पुन्हा ओढून घेतलं. मुठीवरची भाजीची पिशवी दर वेळी झोके घेत होती. तिनं अंगठा लावून बघितला, डाव्या हाताचं बोट लावून बघितलं, मधलं बोट लावलं. सगळ्या बोटांना दार उघडत होतं. माझ्या हातातला मोबाइल थांबायला तयार नव्हता. आई. आई. आई. मग नवऱ्याचा फोन आला. "काय चाललंय घरी? आई किती वेळा येतायत?" मला हसायला येत होतं, त्यामुळे त्याला नीट सांगता आलं नाही.

त्या दिवसानंतर चपलांच्या कपाटावर, दाराच्या बाहेर, एका जुन्या डबीच्या झाकणात ओल्या फडक्याची घडी असते. आई रोज सकाळी ते फडकं धुऊन ठेवते. संक्रांत आली आणि गेली. नवागामला ती जाते, वहिनींबरोबर दुपारभर खडे लावते, संध्याकाळी परत येते. जायचं काय ठरवलंस, असं मी विचारलं नाही. पिशवी खाटेखालीच होती आणि मला विचारायची भीती वाटत होती. त्या मदत-खिडकीला मात्र मी लिहून कळवलं, की काही बोटं ओली असावी लागतात. त्यानं आभार मानले आणि मला बोट स्वच्छ आणि कोरडं ठेवायला सांगितलं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी शाळेतून थकून आले. दिवसभर फळ्यावर लिहून बोटांवर खडूची पांढरी पूड बसलेली. बोट टेकवलं. "प्लीज ट्राय अगेन." पुन्हा टेकवलं. तेच. मोबाइलवर उमटलं, अनोळखी बोट. एवढ्यात आतून दार उघडलं. आईनं आवाज ऐकला होता. मी आत पाऊल टाकणार, तर तिनं हात आडवा धरला.

"अगं, सरक ना," मी म्हटलं.

"मी काय, उघडी देसू," ती म्हणाली, आणि कपाटावरचं झाकण उचलून माझ्यापुढं धरलं. "पन आपलं दार शे, माय. त्यानी आपले वळखाले नको का?"

मी बोट फडक्यावर टेकवलं. ते नीट ओलं झालंय का हे तिनं वाकून बघितलं, झाकण परत जागेवर ठेवलं आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.